हाताने बांधलेलं विमान किती सुरक्षित?

भोसरीत माझ्या एका मित्राची फॅब्रिकेशनची शेड आहे. तिच्या मागच्या अर्ध्या भागात गेली चार वर्षं त्याची दोन मुलं विमान बांधताहेत. दोन माणसांचं, शंभर अश्वशक्तीच्या रोटॅक्स इंजिनाचं, परदेशातून किट मागवून. एप्रिलमधल्या एका रविवारी वहिनी दुपारचा डबा घेऊन शेडमध्ये आल्या. पंख जोडल्यावर त्या पहिल्यांदाच ते बघत होत्या. पंखावरून हात फिरवत त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. वर गेल्यावर हा तुटणार नाही ना?"

माझा जन्म टूलरूममध्ये इन्स्पेक्शन करण्यात गेला आणि तरुणपणी मी हडपसरला ग्लायडिंग केलंय, म्हणून मुलं आपलं काम माझ्या नजरेखालून घालतात. वहिनींना तेव्हा मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. पण घरी बांधलेल्या विमानाबद्दल जो तो हाच प्रश्न विचारतो, म्हणून पुरतं उत्तर लिहायला बसलोय.

आधी हे विमान म्हणजे काय ते बघू. कारखान्यातून येणाऱ्या विमानाचा नमुना सरकार तपासून प्रमाणित करतं, आणि पुढचं प्रत्येक विमान त्या नमुन्याबरहुकूम बनतं. हौशी माणसाच्या विमानाला हे प्रमाणपत्र नसतं. अमेरिकेत अशी विमानं सर्वांत जास्त आहेत, तीस हजारांच्या वर. तिथला नियम असा की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा आवड म्हणून स्वतः केलेलं हवं. मजुरी देऊन करून घेतलेलं काम त्यात धरत नाहीत. विमानावर 'एक्सपेरिमेंटल' असं ठळक लिहावं लागतं, आणि हे विमान नेहमीच्या विमानांचे सुरक्षा नियम पाळत नाही अशी पाटी आत प्रवाशाला दिसेल अशी लावावी लागते. मला तो नियम आवडतो. शेजारी बसणाऱ्याला आपण कशात बसतोय ते आधी कळतं.

आता धोक्याचं. तिथल्या एनटीएसबी या अपघातांची चौकशी करणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये फक्त या विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या खासगी आणि छोट्या विमानांच्या ताफ्यात ही विमानं सुमारे १० टक्के. पण २०११ या वर्षात एकूण अपघातांत त्यांचा वाटा १५ टक्के निघाला, आणि ज्यात माणसं दगावली अशा अपघातांत २१ टक्के. म्हणजे वहिनींची काळजी खरी आहे, ती कुणी हसण्यावारी नेऊ नये.

पण त्याच अभ्यासात असंही निघालं की सांगाडा मोडण्याचे प्रकार फारसे होत नाहीत. सर्वांत जास्त अपघात दोन कारणांनी होतात, आणि बाकीची कारणं त्यांच्या आसपासही नाहीत. एक, इंजिन बंद पडणं. दोन, हवेत विमानावरचा ताबा सुटणं. आणि हे अपघात विमानाच्या आयुष्याच्या सुरुवातीला जास्त होतात.

पंख का तुटत नाही, तेही सांगतो. बांधणारा माणूस पंखालाच घाबरलेला असतो, त्यामुळे तिथे तो जीव ओतून काम करतो. शेडमधल्या या पंखात काही हजार रिव्हेट आहेत. भोक पाडलं की कडेला बर राहते, म्हणजे धातूची उठलेली धारदार कड. ती तशीच ठेवली तर पत्र्यावर बारीक ओरखडा उठतो, आणि पंख लाखो वेळा लवला की त्या ओरखड्यापासून तडा सुरू होतो. म्हणून प्रत्येक भोकाची दोन्ही बाजूंनी बर काढायची. रिव्हेट पत्र्याच्या कडेपासून निदान आपल्या व्यासाच्या दुप्पट आत हवा. ३.२ मिलिमीटरचा रिव्हेट ठोकल्यावर मागचं डोकं ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच व्हायला हवं. धाकट्याने त्यासाठी पत्र्याचं छोटं गेज कापून गळ्यात अडकवलंय. डोकं गेजात बसलं नाही की रिव्हेट ड्रिलने काढायचा आणि दुसरा घालायचा. पहिल्या वर्षी बादलीभर रिव्हेट असे निघाले. मला त्या बादलीचं फार समाधान वाटलं होतं.

बोल्टच्या बाबतीत पुण्यात एक वाद हमखास होतो. कुणीतरी म्हणतंच, "बोहरी आळीत ८.८ ग्रेडचा बोल्ट मिळतो, ताकद जवळपास तेवढीच, मग विमानाचा महागडा बोल्ट कशाला?" ताकदीचा हिशेब तसा चुकीचा नाही. पण विमानाच्या बोल्टचा बिनआट्याचा भाग ठरावीक लांबीच्या टप्प्यांत मिळतो. पत्र्यांच्या जाडीइतका तो भाग निवडला की भार गुळगुळीत दांड्यावर येतो, आट्यांवर येत नाही. आटे म्हणजे ओळीने मारलेल्या खाचाच. शिवाय त्या बोल्टची कुठली बॅच, कुणी तपासली, याचा कागद सोबत असतो. दुकानातल्या खोक्यातून मूठभर उचललेल्या बोल्टमध्ये एखादा बनावट निघाला तर तो डोळ्यांना कळत नाही. माझ्या हाताखालून असे बोल्ट गेलेत. डोक्यावर ८.८ कोरलेलं आणि आत पोलाद कच्चं.

पण मला जास्त बोलायचंय ते इंजिनाबद्दल.

इंजिन बंद पडतं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तुटलेला क्रँक येतो. नव्या विमानात प्रकरण बहुतेक वेळा इतकं मोठं नसतं. इंजिन कारखान्यातून आलेलं असतं. पण टाकी, नळ्या, फिल्टर, व्हॉल्व्ह, पंप, हे सगळं बांधणाऱ्याने जोडलेलं असतं. पेट्रोल पोचलं नाही की चांगल्यातलं चांगलं इंजिन थांबतं.

त्याच रविवारी आम्ही फ्लो टेस्ट करणार होतो. ती करायची अशी. विमान शेडबाहेर मोकळ्यावर काढायचं, अर्थिंग करायचं, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवायचं. पुढचं चाक ठोकळ्यांवर चढवायचं, म्हणजे चढताना असतं तसं नाक वर होतं. टाकीत पेट्रोल मुद्दाम कमी ठेवायचं. मग कार्ब्युरेटरपाशी नळी सोडून मापाच्या भांड्यात धरायची, पंप सुरू करायचा आणि घड्याळ लावायचं. हे इंजिन टेकऑफला पूर्ण जोरात ताशी सुमारे २७ लिटर पेट्रोल पितं. पंपाने पेट्रोल जात असेल तर गरजेच्या सव्वापट यायला हवं, पंप नसेल आणि वरच्या टाकीतून आपोआप उतरत असेल तर दीडपट. सव्वापटीने मिनिटाला साधारण ५६० मिली होतात.

उजव्या टाकीतून ६३० आलं. डाव्या टाकीतून ४१०.

पुन्हा केलं, पुन्हा ४१०. तासाभराने टाकीच्या तोंडाशी असलेला एल्बो, म्हणजे नळीचा वळणाचा जोड, उघडला तर आत पांढरा तंतू आडवा बसलेला. नळाच्या जोडाला प्लंबर गुंडाळतो ती टेफ्लॉन टेप. पेट्रोल ठिबकू नये म्हणून धाकट्याने एक वेढा जास्त घातला होता, आणि आटे आवळताना त्याची चिंधी कापली जाऊन आत गेली होती. वाईट हेतू नाही, आळस नाही, उलट जास्तीची काळजीच. आता हे बघा की याच विमानाचं इंजिन त्यांनी आदल्या आठवड्यात अर्धा तास चालवलं होतं, आणि ते झकास चाललं होतं. चालणारच. जमिनीवर हळू फिरणारं इंजिन ताशी चार-दोन लिटर पितं, तेवढं त्या चिंधीच्या कडेने सहज निघतं. पुरं पेट्रोल लागतं ते धावपट्टी सोडून विमान वर चढायला लागल्यावर, म्हणजे नेमकं जिथे उंची नाही आणि वळायला जागा नाही तिथे. घरी बांधलेल्या विमानात इंजिन टेकऑफनंतरच का थांबतं, याचं उत्तर त्या एल्बोत होतं.

पेट्रोलचंच आणखी एक. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, काही जातींचं रबर फुगवतं, फायबरग्लासच्या काही टाक्यांचं रेझिन मऊ करतं. पुष्कळ जुने आराखडे इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या काळातले आहेत. त्यामुळे गाडीत चालतं ते विमानात चालेलच असं धरायचं नाही. इंजिनाच्या आणि टाकीच्या पुस्तिकेत काय लिहिलंय तेच प्रमाण. उन्हाळ्यात आणखी एक धोका असतो. गरम इंजिनाशेजारून गेलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच ढकलत राहतो.

पावसाळ्यात उलट. पुण्यात जुलैची हवा २४-२५ अंशांची आणि दमट. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना तापमान तीस-तीस अंशांनी खाली येऊ शकतं. मग त्या गळ्यात बर्फ धरतो. पुण्यात, जुलैत, बर्फ! लोकांचा विश्वास बसत नाही, पण त्यासाठी हवा गोठलेली असावी लागत नाही, ओलसर असली की पुरते. उतरताना थ्रॉटल कमी केलेला असतो तेव्हा हे जास्त होतं. म्हणून कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याची सोय लागते, आणि ती वापरायची सवयही.

आणि एप्रिल-मे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. पारा ४० वर गेला की इथली हवा इतकी विरळ होते की विमानाच्या हिशेबाने ते १,६०० मीटरवर उभं असतं, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर. इंजिनाचा जोर पंधरा टक्क्यांच्या आसपास घटतो, प्रोपेलर कमी ओढतो, जमीन सोडायला जास्त धावावं लागतं. थंड देशातल्या, समुद्रकाठच्या माणसाने किटच्या पुस्तिकेत छापलेली टेकऑफची लांबी आपल्याकडे दुपारी दोनला लागू पडत नाही.

आता दुसरं कारण, ताबा सुटणं. पंख हवेला ज्या कोनात भेटतो तो कोन ठरावीक मर्यादेपुढे गेला, साधारण पंधरा अंशांच्या पुढे, की पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि उचल एकदम कमी होते. याला स्टॉल म्हणतात. यात इंजिन बंद पडण्याचा काही संबंध नाही, नावावरून तसा गैरसमज होतो. सरळ उडताना ताशी ७० किलोमीटरला स्टॉल होणारं विमान ६० अंश कलवून वळवलं तर ताशी १०० लाच स्टॉल होतं, कारण त्या वळणात पंखावर दुप्पट भार असतो. समजा टेकऑफनंतर इंजिन थांबलं. माणसाचं मन म्हणतं, मागे धावपट्टी आहे, वळ. घाईत तो जास्त कलवतो, वेग आधीच पडलेला असतो, स्टॉल होतो, एक पंख खाली जातो आणि सावरायला उंची नसते. हलकी विमानं जोर गेल्यावर वेग फार झटकन घालवतात, जड विमानावर शिकलेल्याला याचा अंदाज नसतो.

हडपसरला ग्लायडर विंचच्या, म्हणजे जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोराने वर खेचत. दोर मध्येच तुटला तर काय करायचं हे आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवसापासून घोकून घेतलं होतं: आधी नाक खाली, विचार नंतर. नाक जमिनीकडे करायला मन तयार होत नाही, म्हणून ती गोष्ट हाताला शिकवावी लागते. हे शिक्षण शेडमध्ये रिव्हेट ठोकून मिळत नाही.

वजनाचा तोलही याच खात्यातला. ॲक्टिव्हावर मागे सिलिंडर बांधून चढावर गेलात तर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकेनासं होतं. विमानाचं शेपूट जड झालं की तसंच होतं, फक्त पाय टेकायला रस्ता नसतो. म्हणून बांधून झाल्यावर तिन्ही चाकांखाली काटे ठेवून तोल मोजतात, आणि नंतर कुणी मागच्या बाजूला बॅटरी सरकवली तरी पुन्हा मोजतात.

इंजिनाचं इंधन आणि ताबा, ही दोन्ही कारणं एकाच अपघातात कशी येतात ते बघायचं असेल तर १२ ऑक्टोबर १९९७ चा अपघात बघा. अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर यांचा त्यात कॅलिफोर्नियात माँटेरेच्या समुद्रात मृत्यू झाला. विमान लाँग-ईझी जातीचं, दुसऱ्याने बांधलेलं, त्यांनी नुकतंच विकत घेतलेलं. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलायचा व्हॉल्व्ह वैमानिकाच्या पायांच्या मध्ये, हाताशी होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला होता. तिथे पोचायचं तर आसनात मागे वळावं लागे, आणि तसं वळताना उजवा पाय रडरवर, म्हणजे शेपटीचं सुकाणू फिरवणाऱ्या पेडलवर, दाबला जाई. व्हॉल्व्हवर खुणा नव्हत्या, इंधन दाखवणाऱ्या काचेवरही नव्हत्या. उड्डाणाआधी टाकी भरली नव्हती. चौकशीने हे सगळं एकत्र मांडलं: व्हॉल्व्ह फिरवायला वळताना लक्ष उडालं, नकळत रडर दाबला गेला, विमान हातातून गेलं. आणि या जातीच्या विमानाचा सराव अपुरा होता, हेही नोंदवलं. समुद्रात पडेपर्यंत पंख शाबूत होते.

ही गोष्ट मी मुलांना दोनदा सांगितली आहे, कारण त्यात बांधणाऱ्याचा विचार समजण्यासारखा होता. पेट्रोलच्या नळ्या कॉकपिटमधून न्यायच्या नव्हत्या त्याला. आराखड्यात केलेली एक सुधारणा दुसरीकडे काय बिघडवते हे ती करणाऱ्याला दिसत नाही. एनटीएसबीच्या त्या अभ्यासातही २०११ च्या अपघातांतली निम्म्याहून जास्त विमानं विकत घेतलेली होती, स्वतः बांधलेली नव्हे. त्यातली १४ नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात पडली.

म्हणून दुसरा डोळा हवा. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे निरीक्षक बांधकामाच्या टप्प्याटप्प्याला येऊन सही करतात. पंख बंद करण्याआधी आतलं काम कुणीतरी बघतंच. अमेरिकेत सरकारी तपासणी मुख्यतः शेवटी होते, मधले टप्पे हौशी संघटनेच्या अनुभवी सल्लागारांना बोलावून बघून घेणं हे बांधणाऱ्याच्या मर्जीवर. मला ब्रिटिश रीत पटते. बंद केलेल्या पंखात कुणाला डोकावता येत नाही.

आपल्याकडे सगळं डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, हाती आहे. नोंदणी वेगळी आणि उडण्याची परवानगी वेगळी, आणि दोन्हींना वेळ लागतो. अमोल यादव हे स्वतः व्यावसायिक वैमानिक. त्यांनी मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, नोंदणी झाली २०१७ च्या नोव्हेंबरात आणि उडण्याची परवानगी मिळाली २०१९ मध्ये. पुण्यात तर लोहगाव हवाई दलाचं, त्यामुळे वाघोलीच्या मोकळ्या रानातून जरा उडवून बघू, असला विचारही करायचा नाही. भोसरीच्या विमानाचे कागद अजून व्हायचे आहेत, आणि होईपर्यंत ते जमीन सोडणार नाही हे ठरलेलं आहे.

कागद झाले तरी विमान लगेच 'झालं' असं नाही. अमेरिकेत प्रमाणित इंजिन-प्रोपेलरची जोडी असेल तर साधारण २५ तास, नसेल तर ४० तास चाचणीची उड्डाणं करायची रूढ रीत आहे, विरळ वस्तीवर आणि प्रवासी न घेता. त्या तासांत स्टॉल कुठे होतो, इंजिन किती तापतं, तोल बदलला की काय होतं, हे एकेक करून मोजायचं असतं. नुसते तास भरण्यासाठी गोल घिरट्या घातल्या तर पेट्रोल जळतं आणि कळत काही नाही. पूर्वी वैमानिक एकटाच हवा असे. २०१४ पासून, ठरावीक अटींवर, अनुभवी दुसरा वैमानिक सोबत घेता येतो. बांधणाऱ्याने चार वर्षं रिव्हेट ठोकले म्हणजे त्याचा उडवण्याचा हात तयार आहे असं नाही. उलट त्या चार वर्षांत त्याचं उडणं बंदच असतं.

एल्बो साफ करून आम्ही डाव्या टाकीची चाचणी पुन्हा केली. वहिनी घड्याळ धरून उभ्या होत्या. ६४० मिली. दोन्ही टाक्यांचे सगळे जोड उघडून टेप काढायची असं ठरलं, आणि मग जेवायला बसलो. जेवताना मी वरचंच सगळं त्यांना सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पहिल्यांदा उडवणार कोण?"

थोरल्याकडे परवाना आहे. बारामतीला शिकला, साठेक तास, शेवटचं उड्डाण तीन वर्षांपूर्वीचं, तेही याच्या जवळजवळ दुप्पट वजनाच्या विमानात. कुणीच काही बोललं नाही. मी त्याला एवढंच म्हणालो की पहिली दहा उड्डाणं अशाच हलक्या विमानावर शेकडो तास काढलेल्या माणसाला करू दे, आणि तोपर्यंत तू तशा विमानात शिक्षकाबरोबर बस. त्याचा चेहरा उतरला. चार वर्षं त्याने याच दिवसाची वाट पाहिली होती, मला ते दिसत होतं.

गेल्या रविवारी शेडमध्ये गेलो तर भिंतीवरच्या फळ्यावर डाव्या टाकीची नोंद होती, तारीख घालून, आधीचे ४१० खोडलेले नव्हते, शेजारी ६४० लिहिलेले. खाली 'पहिलं उड्डाण' असं होतं. त्याच्यासमोर थोरल्याने दोन वर्षांपूर्वी स्वतःचं नाव लिहिलं होतं, ते पुसलं होतं. जागा अजून रिकामी आहे.